परदेशात गाडी भाड्यानं घ्यायचीय? जरा इस्कटून सांगतो

आम्हा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांची, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांची, एक पंढरी आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरणारं 'गिफा' प्रदर्शन. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही चौघं गेलो होतो. प्रदर्शनाच्या दिवसांतले शहरातल्या हॉटेलांचे दर ऐकले आणि गपगुमान तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या एका गावात खोल्या घेतल्या. मग रोज ये-जा करायला गाडी भाड्यानं घेणं आलं. त्याआधी एकदा घरच्यांना घेऊन दुबईत घेतली होती. एवढ्या दोन अनुभवांवर आता गल्लीत माझी तज्ज्ञ म्हणून नोंद झाली आहे, आणि कुणी हनिमूनला न्यूझीलंडला निघालं की फोन येतो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं चालवायला जमंल काय?" भर पावसात करूळ घाट उतरलेल्या माणसानं हे विचारूच नये. जमतं. माणूस अडतो तो काउंटरवर, क्रेडिट कार्डावर आणि कागदावरच्या नावात. म्हणून या लेखातला निम्मा मजकूर गाडीत बसायच्या आधीचा आहे.

गाडी हवीच आहे का

लंडन, पॅरिस, टोकियो, सिंगापूर अशा शहरांत फिरायचं असेल तर गाडी घेऊ नका. पार्किंग शोधण्यात सुट्टी जाईल आणि रेल्वे तुमच्या आधी पोचेल. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं, आइसलँड इथं मात्र गाडीशिवाय हाल होतात. शहर आणि बाहेरगाव दोन्ही असेल तर शहराचे दिवस आधी उरकायचे आणि निघायच्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायची. भाडंही वाचतं.

यातून दुसरा फायदा असा की विमानातून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात येत नाही. रात्री कोल्हापूर सोडायचं, पहाटे मुंबई, मग नऊ-दहा तासांचा प्रवास, आणि लगेच अनोळखी बाजूनं गाडी? एक रात्र झोपा. दुसऱ्या दिवशी घ्या.

लायसन्स, आयडीपी आणि नावाचा घोळ

'इंटरनॅशनल लायसन्स' असं आपण म्हणतो ते खरं तर लायसन्स नसतं, परमिट असतं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. तुमच्या भारतीय लायसन्सची ती ओळखपत्रवजा पुस्तिका आहे. तिच्यासोबत मूळ लायसन्स जवळ नसेल तर तिला काही अर्थ नाही. दोन्ही बरोबर ठेवायची.

ते मिळतं आपल्याच आरटीओत. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट वगैरे जी कागदं मागेल ती चढवायची. सरकारी फी १,००० रुपये आहे. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्यामुळे आधी लायसन्सची तारीख बघा. माझ्या एका पाहुण्याचं लायसन्स दोन महिन्यांत संपणार होतं आणि ते त्याला आरटीओच्या खिडकीवर कळलं. निदान महिनाभर आधी अर्ज करा.

इंटरनेटवर "घरबसल्या तीन वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स" विकणाऱ्या साइट आहेत. त्यांच्या नादाला लागू नका. एमएच-०९ चं लायसन्स असणाऱ्यानं आयडीपी आरटीओतूनच काढावा.

कुठं चालतं? भारताचा आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला आहे. जपान याच कराराचा आयडीपी मागतो, त्यामुळे तिथं आपलं भागतं. अमिरातीत पर्यटक म्हणून गाडी घ्यायची तर आयडीपी लागतोच. ब्रिटनमध्ये आपलं भारतीय लायसन्स एक वर्षापर्यंत चालतं, न्यूझीलंडमध्येही इंग्रजीतलं लायसन्स चालतं. पण कायदा चालवून घेतो म्हणून कंपनी चालवून घेईलच असं नाही, तिच्या अटी वेगळ्या असू शकतात. हजार रुपयांसाठी तिकडं काउंटरवर वाद घालण्यापेक्षा आयडीपी काढलेला बरा. चीन मात्र कुठलाच आयडीपी मानत नाही. व्हिएतनाम १९६८ च्या करारावर चालतो, म्हणून आपला तिथं उपयोगाचा नाही. आजकाल आपल्याकडून बरीच मंडळी व्हिएतनामला जातात आणि भाड्याची मोटारसायकल बिनधास्त घेतात. ठोकलं तर विमा हात वर करतो.

आता नावाचा घोळ. हा खास आपला, मराठी माणसाचा. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लायसन्सवर कधी आडनाव आधी, कधी मधलं नाव गाळलेलं. क्रेडिट कार्डावर फक्त आद्याक्षरं आणि 'पाटील'. आणि लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका: लायसन्स माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या. काउंटरवरचा माणूस तीन कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो. 'वडिलांचं नाव मध्ये लावायची आमची पद्धत आहे' हे त्याला समजावून सांगायला निम्मा तास जातो, आणि तरी पटेलच असं नाही. गाडी ज्याच्या नावावर घ्यायची त्याची तिन्ही कागदं जुळतात ना, हे इथंच तपासा. जुळत नसतील तर ज्याची जुळतात त्याला मुख्य ड्रायव्हर करा. हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

अजूनही कुणाकडं हातानं लिहिलेलं जुनं पुस्तकी लायसन्स असेल तर आधी ते स्मार्ट कार्डात बदलून घ्या.

कार्ड: इथं माझी फजिती झाली

दुबईच्या वेळी मी गाडीचे सगळे पैसे ऑनलाइन भरले होते. आता काय राहिलं, या थाटात काउंटरला गेलो. पोरगी म्हणाली, डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड. मी डेबिट कार्ड पुढं केलं. तिनं ते हातातसुद्धा घेतलं नाही, नुसती मान हलवली. फॉरेक्स कार्ड दिलं. पुन्हा मान. माझ्यामागं लाइन वाढत चाललेली, बायको बॅगांजवळून बघतेय, पोरं 'पप्पा, गाडी कुठाय' म्हणतायत. बायकोच्या पर्समध्ये क्रेडिट कार्ड होतं, पण ते तिच्या नावावर आणि बुकिंग माझ्या. चाललं नाही. शेवटी बुकिंगवर पाणी सोडून टॅक्सीनं हॉटेलला गेलो आणि दुसऱ्या दिवशी छोट्या कंपनीकडून जास्त भाडं देऊन गाडी घेतली.

तर नियम असा. मुख्य ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावावरचं खरं क्रेडिट कार्ड हवं. त्यावर कंपनी काही रक्कम अडवून ठेवते. ती कापली जात नाही, पण तुमच्या लिमिटमधून तेवढी जागा जाते. युरोपात मूळ विम्यावर गाडी घेतली तर हजार-दीड हजार युरो अडवणं नवलाचं नाही. लिमिट लाखाचं असेल तर त्यातच संपलं, पुढं हॉटेलला काय देणार? निघण्यापूर्वी लिमिट वाढवून घ्या किंवा खर्चाला दुसरं कार्ड ठेवा.

बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. २०२० पासून नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात. पिन पाठ करा. आणि मशीनवर 'रुपयांत भरायचं की युरोत' असं विचारलं तर नेहमी तिकडचं चलन निवडा. रुपये बघून बरं वाटतं, पण त्यातला विनिमय दर त्यांच्या सोयीचा असतो. शिवाय आपल्या बऱ्याच बँका परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात, तो वेगळाच.

बुकिंग करताना

हर्ट्झ, एव्हिस, युरोपकार, सिक्स्ट, एंटरप्राइझ ही मोठी नावं बहुतेक ठिकाणी भेटतात. दरांची तुलना करणाऱ्या साइटवर दर बघा, पण पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही बघा. फरक थोडा असेल तर थेट घ्या. काही बिनसलं तर मधल्याकडं बोट दाखवायची सोय कुणालाच राहत नाही.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या. युरोपात मुद्दाम निवडली नाही तर गिअरची मिळते, आणि तिथं गिअर उजव्या हाताला. वीस वर्षं डाव्या हातानं गिअर टाकलेत, पहिले दोन दिवस डावा हात दाराकडं गिअर शोधत बसतो. ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे पैसेच समजू नका. काउंटरवर 'अपग्रेड' म्हणून इलेक्ट्रिक गाडी पुढं करतात. पहिल्या फेरीला नको. चार्जिंगची वेगवेगळी अॅपं आणि कार्डं शिकायला तुम्ही गेला नाहीत.

आकाराचं गणित माणसांवर न करता बॅगांवर करा. चौघांना 'कॉम्पॅक्ट' पुरते, पण डिकीत दोन मोठ्या बॅगा गेल्या की संपलं. आपल्या बॅगा म्हणजे कपडे अर्धे आणि उरलेल्या जागेत चटणी, कांदा-लसूण मसाला, भडंग. एक माप मोठी घ्या. फोटोतल्या गाडीखाली 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं, तेच खरं. रंग आणि मॉडेल ठरवून जाऊ नका.

दिवस २४ तासांचा मोजतात. सकाळी १० ला घेतली आणि शेवटच्या दिवशी दुपारी २ ला दिली तर आणखी एका दिवसाचं भाडं लागू शकतं. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची तर वेगळा आकार. देशाची सीमा ओलांडायची असेल तर बुकिंगमध्ये तसं नोंदवा, नाहीतर विमा सीमेवरच थांबतो. २५ वर्षांखालच्या ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी जादा आकार आहे. विमानतळावरून घेणार असाल तर फ्लाइट नंबर द्या, म्हणजे विमान उशिरा आलं तरी गाडी राखून ठेवतात.

लहान मूल असेल तर सीट बुक करा. मांडीवर बसवून नेण्याचा प्रकार तिकडं नाही. न्यूझीलंडमध्ये सात वर्षांपर्यंत, जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा दीडशे सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलाला योग्य सीट लागते. मागं बसलेल्या मोठ्यांनीही बेल्ट लावायचा. आईला हे आधीच सांगून ठेवा.

काउंटर

आता खरी कुस्ती. समोरचा माणूस गोड असतो, आपण थकलेले असतो आणि मागं रांग असते. अशा वेळी 'फुल प्रोटेक्शन हवं ना?' म्हणून विचारतात आणि आपण मान डोलावतो. त्या एका मान डोलावण्यात गाडीच्या भाड्याइतके पैसे आणखी चढतात. म्हणून विम्याचं गणित घरूनच करून जायचं.

सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) हा शब्द प्रत्येक करारात दिसेल. त्याचा अर्थ: गाडीचं नुकसान झालं तर ठराविक रकमेपर्यंतच तुमच्याकडून वसूल करू. ती ठराविक रक्कम म्हणजे 'एक्सेस'. एक्सेस १,२०० युरो असेल आणि नुकसान ३,००० चं झालं, तर १,२०० तुमचे. आणि ओरखडा ४०० चा असेल तर चारशेच्या चारशे तुमचे! इथं आपला माणूस फसतो. 'विमा आहे की' म्हणून निर्धास्त राहतो आणि छोटं नुकसान पूर्ण खिशातून जातं. हा एक्सेस शून्यावर आणणारं जे जादा कव्हर, ते म्हणजे सुपर सीडीडब्ल्यू किंवा फुल प्रोटेक्शन. आपल्याकडच्या झिरो डेपच्या, म्हणजे घसारा न कापणाऱ्या विम्याच्या, जवळपासची गोष्ट समजा.

घ्यावं का? माझं मत सांगतो: पहिल्यांदाच जाताय आणि उलट्या बाजूनं चालवायचंय, तर घ्या. पण शक्यतो बुकिंगच्या वेळीच कंपनीच्या साइटवरून घ्या, काउंटरपेक्षा तिथं स्वस्त पडतं. बाहेरच्या साइटवर याहून स्वस्त विमा मिळतो. तो काउंटरवर चालत नाही: आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापले जाणार आणि नंतर तुम्ही पावत्या जोडून क्लेम करणार. डिपॉझिटही पूर्णच अडकतं. त्यात भारतात राहणाऱ्याला ती पॉलिसी लागू आहे का, हेही वाचून बघावं लागतं.

कुठलाही विमा असू द्या, काय वगळलंय ते विचारा. टायर, रिम, काचा, टप, गाडीचा खालचा भाग आणि चावी हे बऱ्याचदा मूळ विम्यात नसतात. चुकीचं इंधन भरलं तर जवळपास कुठंच भरपाई नाही. दारू पिऊन चालवली किंवा करारात नाव नसलेल्यानं चालवली तर सगळंच रद्द. दोघं चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव पैसे भरून घाला. 'जरा दोन किलोमीटर तू घे की' हे तिकडं महागात पडतं. अमेरिकेत जाणाऱ्यांनी समोरच्याच्या नुकसानीचं, म्हणजे थर्ड पार्टीचं, कव्हर किती आहे ते नीट बघावं. तिथली हॉस्पिटलची बिलं कशी असतात ते वेगळं सांगायला नको.

सही करायला टॅब पुढं करतात. बोट फिरवण्याआधी एकूण रक्कम बघा आणि बुकिंगच्या रकमेशी ताडा. न मागितलेलं काही दिसलं तर काढायला सांगा. रांगेला थांबू दे.

चावी मिळाल्यावर लगेच निघू नका

मोबाइलवर गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ घ्या. चारी बाजू, चारी रिम, पुढची काच, टप, बंपरची खालची कड, मग आतून किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. तळघरातलं पार्किंग अंधारं असेल तर गाडी उजेडात आणून घ्या. करारासोबत गाडीच्या चित्रावर आधीचे ओरखडे दाखवलेले असतात. चित्रात नसलेला ओरखडा दिसला तर परत काउंटरला जाऊन लिहून घ्या.

ड्युसेलडॉर्फला मी हे सगळं केलं, आणि तरी चारशे युरो घालवले. तिसऱ्या संध्याकाळी हॉटेलच्या गल्लीत शिरताना उजव्या बाजूच्या पुढच्या चाकानं फुटपाथचा दगड घासला. आवाज असा, की पाट्यावर वरवंटा कोरडा ओढावा. खाली उतरून बघितलं तर रिमच्या कडेला बोटभर चंदेरी ओरखडा. आमच्यातला एक जण मशीन शॉपवाला, तो वाकून म्हणाला, "भावा, हे बफिंगला दोनशे रुपयांचं काम आहे." बरोबरच होतं त्याचं. परत देताना त्यांच्या माणसानं त्यावरून अंगठा फिरवला आणि पावतीत रिमचे पैसे आणि वर कागदपत्रांचा आकार लावला. मूळ विम्यात रिम नव्हती. भांडायला जागाच नव्हती.

कारण मात्र समजून घ्या. आपण आयुष्यभर उजवीकडं बसून चालवतो. डावीकडं बसलो की शरीर जुन्या सवयीनं स्वतःला लेनमध्ये तिथंच बसवायला बघतं, आणि अख्खी गाडी उजवीकडं सरकते. पहिले दोन दिवस बहुतेकांचं हेच होतं. उजव्या आरशात लेनची रेघ बघत राहा.

रस्त्यावर

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मलेशिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, श्रीलंका: इथं आपल्यासारखंच डावीकडून. युरोपचा बाकीचा बहुतेक भाग, अमेरिका, अमिरात, जॉर्जिया, तुर्कस्तान: उजवीकडून. पहिलीच वेळ असेल तर डावीकडून चालणारा देश निवडलात तर निम्मं टेन्शन गेलं.

उजवीकडच्या देशात एकच खूण धरा: ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मध्याकडं. तुम्ही फुटपाथच्या बाजूला बसलेले दिसलात तर काहीतरी चुकलंय. गर्दीत चूक होत नाही, पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते पहाटे रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना. शेजारी बसलेल्याला प्रत्येक वळणावर "उजवीकडं" म्हणायची ड्यूटी द्या. आमच्या घरच्यांनी दुबईत ती इतकी मनापासून केली की चौथ्या दिवशी मीच हात जोडले. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्याही बऱ्याच ठिकाणी अदलाबदल असतात. रणरणत्या उन्हात वळणावर वायपर लागला तर लाजू नका.

पार्किंगच्या आवारातच दहा मिनिटं गाडी फिरवून घ्या, मग बाहेर पडा. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोनचा स्टँड घरून न्या, हातात फोन धरलेला कॅमेरा टिपतो.

चालवण्यापेक्षा थांबायला शिकावं लागतं, हे मला तिकडं कळलं. आपल्याकडं ज्याचं नाक पुढं त्याचा रस्ता. तिकडं 'स्टॉप'ची पाटी दिसली की चाक पूर्ण थांबलं पाहिजे, समोर चिटपाखरू नसलं तरी. झेब्रा पट्ट्याजवळ माणूस नुसता उभा दिसला तरी थांबा. गोल चौकात आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, म्हणजे उजवीकडून चालणाऱ्या देशात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क, मग तो बोळातून सायकलवर का येईना. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडं वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात नाही आणि युरोपात तर सहसा नाहीच. पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की तिच्यामागं थांबायचं.

जर्मनीच्या ऑटोबानबद्दल आपल्याकडं फार कौतुक. वेगमर्यादा नाही म्हणतात. काही पट्ट्यांवर खरंच नाही, सल्ला म्हणून १३० चा आकडा आहे. पण कौतुक करावं ते लेनच्या शिस्तीचं. सगळ्यात डावी लेन फक्त ओव्हरटेकला: गेलात, पुढं काढली, परत उजवीकडं आलात. उजवीकडून ओव्हरटेक केला तर दंड. आपल्या पुणे हायवेवर उजवी लेन धरून निवांत जाणारा ट्रक आठवला आणि हसू आलं. वाहतूक तुंबली की डाव्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडं आणि बाकीच्या उजवीकडं सरकतात, मधून ॲम्ब्युलन्सला वाट राहते. एकदा आम्ही अडकलो तेव्हा सायरन वाजायच्या आधीच लोकांनी ती वाट करून ठेवली होती. आम्हीच तेवढे मध्ये उभे. मागच्यानं हातानं खूण केली तेव्हा सरकलो. आणि हो, इंधन संपून ऑटोबानवर थांबलात तर तोही दंडच.

हॉर्न धोका असेल तरच. डिप्पर मारण्याचा अर्थ देशागणिक बदलतो. आपल्याकडं 'मी येतोय, थांब', ब्रिटनमध्ये बऱ्याचदा 'तू जा'. याच्यावर विसंबून गाडी घालू नका. ब्रिटन आणि अमेरिकेत पाट्यांवरचे आकडे मैलांचे असतात, ५० म्हणजे ताशी ८० किलोमीटर. दारूच्या मर्यादा सांगत बसत नाही. अमिरातीत ती शून्य आहे, तुम्हीही सगळीकडं शून्यच धरा.

इंधन, टोल, पार्किंग

"टाकी फुल कर रे" म्हणायला बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. स्वतः भरायचं. झाकणाच्या आत काय भरायचं ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. नोझलच्या रंगावर जाऊ नका: युरोपात हिरवं बहुधा पेट्रोल, अमेरिकेत हिरवं बहुधा डिझेल. युरोपात गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. जर्मनीत आधी भरायचं, मग दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. अमेरिकेत मशीन पिनकोड मागतं आणि आपलं कार्ड तिथं अडतं, तेव्हा सरळ आत जाऊन आधी पैसे भरा.

टोल देशोदेशी निराळे. दुबईत सालिकच्या कमानीखालून गेलात की आपोआप नोंद होते, गर्दीच्या वेळी ६ दिरहम, एरवी बहुतेक वेळ ४, आणि कंपनी ते नंतर वसूल करते. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला ४० फ्रँकचं वर्षाचं विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, लागतं, एक दिवस जा की वर्षभर. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचंही मिळतं. गाडीला ते आहे का, काउंटरवरच विचारा. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' लिहिलेल्या पाट्या असतात. परवानगीशिवाय आत शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो, आणि तीच गल्ली तीनदा फिरलात तर तीन दंड.

जर्मनीत गाडीच्या कप्प्यात एक निळं पुठ्ठ्याचं घड्याळ मिळालं. मला वाटलं आधीच्या गिऱ्हाइकाच्या पोराचं खेळणं. हॉटेलवाल्या आजीबाईंनी समजावलं: काही ठिकाणी ठराविक तास पार्किंग फुकट, पण तुम्ही कधी आलात ते या चकतीवर लावून काचेमागं ठेवायचं. काटा पुढच्या अर्ध्या तासावर. म्हणजे ४.१० ला आलात तर ४.३० लावायचे. न लावता उभी केली तर दंड. माणूस नाही, मशीन नाही, नुसता पुठ्ठा, आणि सगळं गाव तो इमानदारीनं लावतं.

ठोकलं तर

आधी माणसं बघा, मग गाडी. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटन आणि अमिरातीत ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. मग कंपनीचा करारावरचा नंबर. पोलिसांचा रिपोर्ट घ्याच, तो नसेल तर विमा नाकारू शकतात. अमिरातीत रिपोर्टशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचे तपशील घ्या. 'आपसांत मिटवू' नको, आणि चूक कुणाची याच्यावर रस्त्यातच कबुली नको. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही तर अजिबात नको.

अमेरिकेत पोलिसांनी थांबवलं तर दार उघडून साहेबांकडं चालत जायची आपली सवय आवरा. आत बसून राहा, हात स्टिअरिंगवर.

परत देताना

टाकी भरून घेतलीत तर भरूनच द्यायची, पावती जपून ठेवायची. कामाच्या वेळेत परत द्या, म्हणजे त्यांचा माणूस तुमच्यासमोर गाडी बघेल आणि 'नुकसान नाही' असं लिहून देईल. रात्री पेटीत चावी टाकून गेलात तर सकाळी ते बघतील तोवर गाडीची जबाबदारी तुमचीच राहू शकते. पुन्हा एक व्हिडिओ घ्या. गाडीच्या ब्लूटूथमधून तुमचा फोन पुसा, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमच्या अख्ख्या भावकीचे नंबर मिळतील.

अडवलेलं डिपॉझिट सुटायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. आणि नंतरचा एक धक्का मनात धरून ठेवा. आम्ही परत आलो, गणपती बसले, आणि एक दिवस कार्डावरून थोडेसे युरो कापल्याचा मेसेज आला. तो दंड नव्हता. ३० च्या मर्यादेच्या गल्लीत कॅमेऱ्यानं आमची गाडी टिपली होती, पोलिसांनी कंपनीला विचारलं, आणि कंपनीनं माझं नाव-पत्ता कळवल्याबद्दल स्वतःचा आकार लावला. खरा दंड पोस्टानं मागाहून घरी आला, जर्मन भाषेत. पोस्टमननं सही घेताना विचारलं, "परदेशात नोकरी लागली काय पोराला?" मी हो म्हणून आत गेलो आणि ऑनलाइन भरून टाकला. करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ निदान सहा महिने मोबाइलमधून काढू नका.